दुखावलेल्या मनांच्या उपचाराचा अल्प इतिहास

धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं देवळाच्या भिंती, घंटा व देणग्या यांचा इतिहास लिहिला जाणें योग्यच आहे. परंतु देवळाच्या बांकांवर मुकाट्यानें बसून गेलेल्या दुःखांची नोंद कोणत्याही वहींत सांपडत नाहीं. म्हणून भयंकर आघातानें दुखावलेल्या मनांस सांवरण्याची विद्या कशी वाढली, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

पहिल्या महायुद्धांत तोफांच्या माऱ्यांतून वांचलेले कित्येक शिपाई थरथर कांपत, कित्येकांची वाचा बसे. पण अंगावर जखम दिसत नसे. डॉ. चार्ल्स मायर्स यांनीं १९१५ सालीं ‘शेल-शॉक’ या नांवानें या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. तरीही पुष्कळांनीं त्यास भित्रेपणाच मानिलें. पळून जाणें, भ्याडपणा इत्यादि आरोपांवरून ब्रिटिश सैन्यानें ३०६ शिपायांस गोळ्या घातल्या. त्यांपैकीं कांहींच्या मनास असाच धक्का बसलेला होता. त्यांस क्षमा मिळावयास २००६ साल उजाडावें लागलें.

एडिनबरो येथील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांत डॉ. रिव्हर्स यांनीं निराळा मार्ग धरिला. निलगिरीच्या तोडा लोकांवर १९०६ सालीं ग्रंथ लिहिणारे ते हेच गृहस्थ. “विसरून जा” असें सांगितल्यानें दिवसा दडपलेली आठवण रात्रीं स्वप्नांत दुप्पट जोरानें उठते, असें त्यांस आढळलें. म्हणून ते रुग्णास धीरानें बोलूं देत व स्वतः ऐकत.

दुसऱ्या महायुद्धांत ॲना फ्रॉइड व डॉरोथी बर्लिंगहॅम यांनीं लंडनच्या हॅम्पस्टेड भागांत मुलांसाठीं शिशुगृहें चालविलीं. बाँबपेक्षां आईची ताटातूट मुलांस अधिक जाचते, हें त्यांच्या ध्यानांत आलें. तेव्हां त्यांनीं मुलांचीं लहान लहान ‘कुटुंबें’ करून प्रत्येकास एक ठरावीक दाई दिली. मोठीं माणसें जें शब्दांनीं सांगतात तें मुलें खेळांतून सांगतात, हेंही तेथें दिसलें.

१९८० सालीं अमेरिकेंतील मनोवैद्यांच्या मंडळानें या विकारास आपल्या अधिकृत यादींत स्थान दिलें. आजचे उपचारक प्रथम रुग्णास निर्भय करितात, श्वास शांत करण्यास शिकवितात, आणि मग त्याच्या कलानें आठवणींकडे वळतात. मूल असल्यास आईबापांसही बरोबर घेतात. घटना घडतांच सर्व कांहीं वदवून घेणें हितकर नव्हे, हेंही आतां सिद्ध झालें आहे. दृष्टांतांतल्या शोमरोन्यानें त्या वाटसरूस प्रश्न विचारले नाहींत. आधीं जखमा बांधिल्या.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडलों असतां, भाऊ बुडून वारलेल्या एका मुलास आम्हीं स्मशानांत सांगितलें, “रडूं नकोस बाळ, शहाणीं मुलें रडत नाहींत.” मुलगा गप्प झाला, आणि त्याचें समाधान झालें असें आम्ही समजलों. तें समाधान नव्हतें. आम्हीं त्याच्या तोंडास कुलूप घातलें होतें.

धर्मबंधुभगिनींनो, प्रार्थना व कुमसार यांचें बळ थोर आहे. तथापि मोडलेल्या हाडास जसा वैद्य लागतो, तसा मोडलेल्या मनासही लागतो. सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून चालू आहे. तिचा आधार घेण्यांत श्रद्धेचा उणेपणा नाहीं. आणि शेजारच्या घरीं कोणी असा दुःखी असेल, तर उपदेश राहूं द्यावा. त्याच्याजवळ जाऊन बसावें.