परमुलखातले दुखणे

आंबिवलीहून मुंबईकडे निघाले की कल्याण हे दुसरे स्थानक. या कल्याणात वाढलेली एक मुलगी सातासमुद्रांपलीकडे गेली आणि 11 मार्च 1886 रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवीधर झाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे हे यश सर्वांना ठाऊक आहे. त्याच काळात त्यांच्यामागे लागलेल्या दुखण्याकडे मात्र आमच्यासारख्या कामगारांत वावरणाऱ्या माणसाचे लक्ष अधिक जाते.

घर सोडून आलेला गडी तापाने फणफणला, की औषध कोणते हा प्रश्न दुसरा. उशाशी कोण बसणार, हा पहिला. आनंदीबाईंना याचे उत्तर लाभले होते. गोपाळरावांचे मासिकात छापलेले पत्र वाचून रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी पत्रव्यवहार सुरू केला. कलकत्त्यास आनंदीबाईंना ताप, डोकेदुखी, धाप यांनी गाठले, तेव्हा या न पाहिलेल्या बाईंनी तिकडून औषधे धाडली. 1883 साली आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या आणि त्यांना मावशी म्हणू लागल्या.

माया मिळाली, विसावा मिळाला नाही. कडाक्याची थंडी, अपुरा आहार आणि अभ्यासाचे ओझे यांत क्षयाने शरीर पोखरले. शिक्षण अर्धे टाकून परतावे, तर परदेशगमनाला नावे ठेवणाऱ्यांचे फावले असते. रोजंदारी बुडेल म्हणून अंगात ताप घेऊन पाळीवर येणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. आनंदीबाईंचे दुखणे याच जातीचे होते.

क्षयाचा जंतू कॉखने 1882 साली दाखवला होता. पण त्यावरचे स्ट्रेप्टोमायसिन सापडायला 1943 साल उजाडले. आनंदीबाई 1886 च्या अखेरीस परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभाग त्यांची वाट पाहत होता. परंतु 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी अमेरिकेत मावशींकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या.

1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने आजारी कामगाराला औषधाबरोबर रजेच्या दिवसांचा भत्ताही दिला. विसावा ही मेहेरबानी नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे, हे त्यात मान्य झाले. आज आपली मुले आखातात, अमेरिकेत जातात. निरोप देताना शिदोरीबरोबर एवढे सांगावे: बाळा, दुखणे लपवू नकोस; थांबावे लागले तर थांब. तुझ्या माघारी येण्याला आम्ही नावे ठेवणार नाही.