दहा निऑन आणि ३१२ तास

चार फुटी टँक, पाणी २६ अंश, आत सहा जुने क्लाउन लोच: नारिंगी अंग, काळे पट्टे. हा टँक कुणा एकाचा नाही. तास ढोबळ आहेत, पण क्रम बहुतेक वेळा हाच असतो.

३१२ तास आधी. रविवार, सकाळी ११.
दुकानात दहा निऑन टेट्रा पिशवीत पडतात. चपळ, चकचकीत. ज्या जाळीने ते काढले, तीच जाळी दिवसभर सगळ्या टाक्यांतून फिरते. दोघातिघांच्या कातडीखाली इचचा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा, परजीवी खातोय, अजून डोळ्यांना दिसण्याएवढा झालेला नाही.

३११ तास आधी.
पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवली जाते. अर्ध्या तासाने मासे आत, पिशवीतलं पाणीही आत. पिशवी तरंगवणं म्हणजेच काळजी घेणं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्याने फक्त तापमान जुळतं. खरं तर आत्ता हवा होता साबण न लागलेला एक टब, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पाइपचा तुकडा, वेगळी जाळी आणि तीन-चार आठवडे. खाली वाळूसुद्धा नको. पण दिवाणखान्यात टब चांगला दिसत नाही.

२७२ तास आधी. मंगळवार, पहाटे ३.
पोट भरलेला पहिला परजीवी निऑनच्या अंगावरून सुटतो, वाळूवर चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत विभागू लागतो.

२५० तास आधी. बुधवार, रात्री १.
कवच फुटतं. एकातून शेकडो पिल्लं, पोहणारी, डोळ्यांना न दिसणारी. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते याच अवस्थेत, आणि घर झोपलेलं आहे.

१९२ तास आधी. शुक्रवार, सकाळी ११.
लोच दगडाला अंग घासून झपकन पुढे जातात. "बघा, कसे खेळताहेत!" खेळत नाहीत, त्यांना खाज सुटली आहे. कल्ले आतून पोखरायला सुरुवात झाली आहे.

१४४ तास आधी. रविवार.
काळ्या पट्ट्यावर रव्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका. दुपारपर्यंत तीन.

१३६ तास आधी.
औषधाची बाटली येते, पाणी निळं होतं. फिल्टरमधला कार्बन काढायचं कुणालाच सुचत नाही. सकाळी पाणी पुन्हा स्वच्छ! औषध कार्बनने खाल्लं.

९८ तास आधी. मंगळवार, सकाळी ९.
ठिपके गायब. मला विचाराल तर सगळ्यात घातक तास हाच. आजोबा म्हणतात, "लागू पडलं औषध." बाटली कपाटात जाते. ठिपका गेला याचा अर्थ परजीवी मेला असा नाही. तो पिकून गळला, खाली वाळूत गेला. गेल्या खेपेला वाळूत मोजकी कवचं होती, आता किती ते मोजता येणार नाही.

७४ तास आधी.
सगळी फुटतात.

२४ तास आधी. शुक्रवार, सकाळी ११.
लोचचं अंग मीठ शिंपडल्यासारखं. पर मिटलेले, खाण्याकडे पाठ. कुणीतरी सांगतं, तापमान वाढवा. सल्ला चुकीचा नाही, पण तो हळूहळू आणि हवेचा पंप वाढवून पाळायचा असतो. इथे हीटर एकदम ३० वर. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि जो आहे तो घ्यायला कल्ले धड नाहीत. रात्री सहाही लोच पृष्ठभागाशी, फिल्टरच्या धारेखाली, तोंड उघडून.

० तास. शनिवार, सकाळी ११.
चार मेले, पाचवा आडवा. टँकमधलं सगळं पाणी बदलायचं की वाळूच फेकायची, यावर घरात वाद चालू आहे. ज्यांनी रोग आणला त्या निऑनपैकी सात जण धडधाकट आहेत. यातून वाचलेल्या माशाला बरीचशी प्रतिकारशक्ती येते. जेवणाची वेळ झाली म्हणून ते काचेशी गर्दी करतात.