‘स्टार्टअप’ची यादी: घरगुती संगणकाच्या एका कोपऱ्याचा इतिहास

घरगुती संगणकाचे बटण दाबल्यापासून तो कामाला तयार होईपर्यंत अनेक प्रोग्राम कोणी न सांगता सुरू होतात. कोणते सुरू व्हायचे हे संगणकात ठरावीक जागी नोंदलेले असते. या यादीला बोलताना सर्रास ‘स्टार्टअप’ म्हणतात. यादीत अनोळखी नाव दिसले, तर ते कोणी घातले आणि काढले तर काय बिघडेल, हे ठरवणे हा दुरुस्तीच्या धंद्यातला जुना प्रश्न आहे. चार दशकांत या नोंदींच्या जागा वाढत गेल्या आणि त्या तपासण्याची रीतही प्रत्येक वेळी बदलावी लागली.

आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. तो सुरू होताना फ्लॉपीवरचा पहिला विभाग, म्हणजे अवघे ५१२ बाइट, वाचून पुढचे काम त्यातल्या सूचनांवर सोपवत असे. त्यानंतर डॉस ही कार्यप्रणाली चालू होई आणि ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या फाइलमधल्या आज्ञा एकेक करून पाळल्या जात. ही साधी मजकुराची फाइल होती. कोणीही ती उघडावी, नको ती ओळ खोडावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा, इतका मामला सोपा होता. भारतात देवनागरी टंकनाची सॉफ्टवेअर आली, तीही सुरुवातीलाच स्मृतीत जाऊन बसत. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने या क्षेत्रात मोठे काम केले. अशी नोंद अनोळखी वाटली म्हणून खोडली, तर संगणक चालू राही, पण कळफलकावर मराठी किंवा हिंदी उमटेनासे होई.

व्हायरसने पहिली जागा घेतली ती या फाइलच्याही आधीची. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ मध्ये लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या पहिल्या विभागात शिरे आणि डॉसच्या आधी स्वतः चालू होई. ‘ऑटोएक्झेक.बॅट’ कितीही तपासली तरी त्यात काही सापडत नसे. ६ मार्चला हार्ड डिस्कवरची माहिती पुसणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ने १९९२ मध्ये जगभर घबराट उडवली, तोही याच जातीचा. यावर उपाय एकच होता: लेखनबंदी केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा आणि मगच डिस्क तपासायची. संशयित यंत्राला स्वतःची साक्ष देऊ द्यायची नाही, हा दुरुस्तीचा पहिला नियम तेव्हा ठरला.

याच काळात पुण्यात या कामाचा धंदा उभा राहिला. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर कॅल्क्युलेटरची दुरुस्ती करत. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले तसे संजय यांनी ते काढणारे छोटे प्रोग्राम लिहिले. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू झाली आणि १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले.

१९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये एफ-५ दाबून सुरुवातीच्या साऱ्या नोंदी टाळता येऊ लागल्या आणि एफ-८ दाबून एकेक ओळ विचारून चालवता येऊ लागली. दोष कोणत्या ओळीत आहे हे शोधण्याचे ते सोपे साधन होते. विंडोज ९५ मध्ये मात्र नोंदी विखुरल्या. ‘स्टार्टअप’ नावाचा फोल्डर डोळ्यांसमोर होता, पण बहुतेक प्रोग्राम आपले नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, ‘रन’ या शीर्षकाखाली लिहू लागले. त्यातही एक यादी संपूर्ण संगणकाची आणि दुसरी त्या त्या वापरकर्त्याची. ‘विन.आयएनआय’ ही जुनी जागाही चालूच राहिली. रजिस्ट्री उघडायला खास प्रोग्राम लागे आणि एखादी चूक झाली तर विंडोज सुरूच न होण्याचा धोका असे. त्यामुळे ही यादी घरच्या माणसाच्या हातून सुटून दुकानदाराच्या हातात गेली.

पुण्याबाहेर, मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेरसारख्या शहरातही संगणक घरोघरी पोहोचू लागला तो याच सुमारास. जिवाजीराव शिंदे यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये स्थापन झालेले माधव अभियांत्रिकी महाविद्यालय शहरात होतेच. १९९७ मध्ये भारतीय माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था आली. भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे मध्य प्रदेशभर संगणकाचे पदविका अभ्यासक्रम चालवू लागली. मात्र १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची वीजकेंद्रे त्या राज्यात गेली. मध्य प्रदेशातली वीजटंचाई इतकी तीव्र झाली की २००३ ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी याच मुद्द्यांवर लढली गेली. वीज गेली की संगणक धाडकन बंद पडे, आली की विंडोज ९८ आधी डिस्क तपासणारा स्कॅनडिस्क प्रोग्राम चालवे आणि मग घड्याळाशेजारच्या आयकॉनांची रांग भरे. दिवसातून अनेकदा संगणक सुरू करावा लागणाऱ्या शहरात या यादीची लांबी साहजिकच जाणवत असे.

याच वर्षांत वर्म्सनी, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर स्वतःच पसरणाऱ्या प्रोग्रामनी, रजिस्ट्रीतली जागा पकडली. मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ने ‘एमएसकर्नल३२’ आणि ‘विन३२डीएलएल’ या नावांनी नोंदी केल्या. ऑगस्ट २००३ मधल्या ‘ब्लास्टर’ने आपल्या नोंदीला ‘विंडोज ऑटो अपडेट’ असे नाव दिले, पण चालत होती ‘एमएसब्लास्ट.ईएक्सई’ ही फाइल. नोंदीचे नाव तिचा लेखक हवे ते ठेवू शकतो. खरी माहिती कोणती फाइल, कोणत्या फोल्डरमधून चालते यात असते.

साधनेही त्याच दिशेने सुधारत गेली. विंडोज ९८ मध्ये आलेल्या ‘एमएसकॉन्फिग’मध्ये खूण काढून नोंद न पुसता थांबवता येई. विंडोज २००० मध्ये ते नव्हते, एक्सपीत परतले. डच विद्यार्थी मेरीन बेलेकोम यांचे ‘हायजॅकधिस’ साऱ्या संशयास्पद जागांची एकत्र यादी काढून देई. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या ‘ऑटोरन्स’ने सेवा, ड्रायव्हर आणि नियोजित कामेही दाखवली, शिवाय फाइलवर कोणत्या कंपनीची डिजिटल सही आहे हेही सांगितले. त्यांची कंपनी जुलै २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली.

भारतात पुढचा मोठा फैलाव झाला पेनड्राइव्हवरून. ‘न्यू फोल्डर.ईएक्सई’ या फाइलला फोल्डरचेच चित्र असे; उघडायला म्हणून क्लिक केले की ती चालू होई. तिच्या एका प्रकारात रजिस्ट्रीत ‘शेल’समोर नुसते ‘एक्सप्लोरर.ईएक्सई’ हवे तिथे पुढे ‘रेगएसव्हीआर.ईएक्सई’ जोडलेले दिसे. विंडोजची खरी फाइल ‘रेगएसव्हीआर३२’ आहे; फरक दोन आकड्यांचा. अँटिव्हायरसने फाइल काढली, तरी नोंद तशीच राही आणि दर वेळी ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येई. अनेकांना तो नवा व्हायरस वाटे आणि दुकानात ‘फॉरमॅट मारून’ सगळे नव्याने भरले जाई. वास्तविक ‘शेल’समोर जोडलेला शब्द पुसून मूळ ओळ पूर्ववत केली की काम होत असे. विंडोज ७ ने पेनड्राइव्ह आपोआप चालवणे बंद केले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजनाही तोच बदल मिळाला.

२०१२ च्या विंडोज ८ पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्ये आली. प्रत्येक नोंदीचा प्रकाशक आणि सुरू होण्याच्या वेळेवरचा परिणाम तिथे दिसू लागला. भारत सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र घुसखोर प्रोग्राम काढण्याची साधने मोफत देते.

या साऱ्या अनुभवातून तपासणीचा क्रम पक्का झाला आहे. नाव वाचून थांबू नये, फाइलचा पूर्ण मार्ग पाहावा. ‘एसव्हीहोस्ट’सारखी विंडोजची फाइल सिस्टम३२ (६४-बिट विंडोजमध्ये सिसवाव६४ही) सोडून भलत्याच फोल्डरमधून चालत असेल, तर ती नकली असल्याचा दाट संशय घ्यावा. मग सही पाहावी. संशय उरला तर नोंद पुसण्याऐवजी आधी थांबवावी, संगणक पुन्हा सुरू करावा आणि काय बदलले ते पाहावे. फाइल जाऊन मागे उरलेली नोंद काढावी; ‘शेल’सारख्या विंडोजच्या स्वतःच्या ओळीत मात्र फक्त जोडलेला शब्द पुसावा. थांबवलेली नोंद पुन्हा आपोआप उगवली, तर तिला परत लिहिणारा एखादा प्रोग्राम चालू असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी यादीशी झगडत न बसता बाहेरच्या स्वच्छ डिस्कवरून संगणक सुरू करून तपासणी करावी.