तैलरंगाचं पितृत्व

तैलरंगाच्या जन्माची सर्वांत गाजलेली गोष्ट सांगितली जॉर्जो वासारीने. वासारी स्वतः चित्रकार, पण त्याचं नाव राहिलं ते फ्लॉरेन्समध्ये १५५० साली छापलेल्या कलावंतांच्या चरित्रग्रंथामुळे. तो सांगतो, की फ्लँडर्सच्या यान व्हान आइकने फळीवरचं एक चित्र वॉर्निश लावून उन्हात ठेवलं आणि फळी सांध्यावर उकलली. वैतागून त्याने सावलीत वाळणारं तेल शोधायला घेतलं. जवसाचं आणि अक्रोडाचं तेल त्याच्या कसोटीला उतरलं आणि तैलचित्र अवतरलं. पुढे सिसिलीच्या आन्तोनेल्लो दा मेस्सीनाने फ्लँडर्सला जाऊन, यानची मर्जी संपादून हे गुपित मिळवलं. इटलीत ते डोमेनिको व्हेनेझियानोकडे आलं आणि मत्सराने पेटलेल्या आंद्रेआ देल कास्तान्योने डोमेनिकोचा खून केला.

गोष्ट झकास आहे, पण सनावळी तिला साथ देत नाही. व्हान आइक १४४१ साली वारला, तेव्हा आन्तोनेल्लो दहा-अकरा वर्षांचं पोर होता. आणि ‘खुनी’ कास्तान्यो १४५७ साली गेला, तर त्याचा ‘बळी’ डोमेनिको त्यानंतर चार वर्षं जगला.

तेलात रंग खलण्याची युक्तीही व्हान आइकच्या कितीतरी आधीची. बाराव्या शतकात थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती मठवाशाने जवसाच्या तेलात रंग खलण्याची कृती नोंदवली आहे. पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, त्यामुळे चित्रासाठी हा प्रकार फार कंटाळवाणा, अशी कुरकुरही त्याने केली आहे. १७७४ साली जर्मन लेखक लेसिंगने हा ग्रंथ पुढे करून वासारीचा दावा खोडला. आता तर कुळ आशियात शिरलं आहे. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या लेण्यांमध्ये सातव्या शतकाच्या सुमारास रंगवलेल्या बौद्ध भित्तिचित्रांत अक्रोड किंवा खसखशीच्या जातीचं वाळणारं तेल असल्याचं संशोधकांनी २००८ साली जाहीर केलं.

मग व्हान आइकच्या वाट्याला काय उरतं? उरतं ते बरंच आहे. तोवर युरोपात फळीवरची चित्रं मुख्यतः टेंपेरात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगात होत. हा रंग बघता बघता वाळतो. दोन छटा एकमेकींत मिसळायला सवड मिळत नाही, म्हणून चित्रकार बारीक रेघांवर रेघा ओढून गोलाई आणत. तेलाची गत निराळी. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि हळूहळू कडक, पारदर्शक पापुद्रा बनतं. थिओफिलसला जो संथपणा जाचला, तोच व्हान आइकने कामाला लावला. त्याने पातळ थरांवर थर चढवले. प्रकाश त्या थरांतून आत शिरतो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. गेंट शहरातलं भव्य वेदीचित्र भाऊ ह्यूबर्टने सुरू केलं आणि यानने १४३२ साली पुरं केलं. त्यातली रत्नं आणि जरतारी वस्त्रं आतून उजळल्यासारखी दिसतात ती यामुळे. १४३४ च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात मागच्या भिंतीवरच्या बहिर्गोल आरशात ती सगळी खोली उमटली आहे, दारात उभ्या असलेल्या दोघांसकट.

इटलीत हे तंत्र एका गुपितासारखं पोचलं नाही. फ्लेमिश चित्रंच व्यापाऱ्यांबरोबर येत होती आणि जाणते डोळे त्यांतून शिकत होते. आन्तोनेल्लो १४७५ च्या सुमारास व्हेनिसला आला हे मात्र खरं, आणि त्याचं काम तिथल्या चित्रकारांवर छाप पाडून गेलं. व्हेनिसच्या दमट खाऱ्या हवेत फ्रेस्को, म्हणजे भिंतीच्या ओल्या गिलाव्यावरचं चित्र, टिकेना. शिडाचं कापड मात्र मुबलक. तेल आणि कॅनव्हास यांची जोडी तिथे जमली. टिशियनने ती अशी खेळवली, की त्याच्या उतारवयातल्या चित्रांत जवळून नुसते फटकारे दिसतात, लांबून देह.

सगळ्यांनाच तेल फळलं असं नाही. लिओनार्दोने मिलानमध्ये ‘अखेरचं भोजन’ सुक्या भिंतीवर टेंपेरा आणि तेलात रंगवलं. त्याच्या हयातीतच रंग सुटू लागला. ‘अंतिम न्याया’साठी सिस्टीन चॅपेलची भिंत तेलाकरिता तयार केली होती. मायकेलअँजेलोने तो गिलावा काढायला लावला आणि फ्रेस्कोच केलं, असं वासारीच सांगतो. उलट रेम्ब्रांटने तेलाचा जाडपणाच वापरला: त्याच्या ‘ज्यू नवरी’तल्या पुरुषाची सोनेरी बाही रंगाच्या उंचवट्यांनी घडवलेली आहे.

पुढचं वळण दिलं एका ट्यूबने. तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवी एकदा टोचली की रंग सुकू लागे. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने १८४१ साली कथलाच्या, दाबून रंग काढायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. फ्रेंच चित्रकार मोने आणि त्याच्या सोबत्यांना नदीकाठी, शेतात उभं राहून तैलचित्र करणं सोपं झालं.

तोवर तेल ही युरोपीय चित्रकलेची राजभाषा झाली होती, आणि राज्याबरोबर ती मुंबईतही आली. जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली १८७२ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती केल्या, त्या कॅनव्हासवर, तैलरंगात. सुक्या गिलाव्यावरच्या, सर्वस्वी वेगळ्या रीतीच्या चित्रांसाठीही तेलच योग्य, हे जणू गृहीतच होतं.

तंत्राला एवढं वजन कृतीच्या पुस्तकाने येत नाही. थिओफिलसची कृती तीनशे वर्षं होती, आणि तिने कुणाची झोप उडवली नव्हती. गेंटच्या वेदीचित्राने उडवली. वासारीने बापाचं नाव सांगताना तारखा चुकवल्या, साक्षीदार रचले, एक खूनही घुसडला. पण मान कुणाला द्यायचा, हे त्याच्या चित्रकाराच्या डोळ्याने अचूक ओळखलं होतं.