पहिली लिव्हअबोर्ड सफर कोठे करावी? मुंबईकडे निघालेल्या एका आगबोटीची साक्ष

१/ १२ सप्टेंबर १८६९. पी अँड ओ कंपनीची 'कर्नाटिक' ही आगबोट सुएझहून मुंबईकडे निघाली. मुंबईला ती कधीच पोहोचली नाही. आज तिच्या सांगाड्यात मासे नांदतात आणि जगभरचे स्कूबा डायव्हर तिला पाहायला जातात. 'पहिली लिव्हअबोर्ड सफर कोठे करावी?' या प्रश्नाचे उत्तर शोधताना ही आगबोट फार उपयोगी पडते. कसे ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ लिव्हअबोर्ड म्हणजे मुक्कामाची बोट. आठवडाभर जेवण, झोप सारे बोटीवरच, आणि रोज तीन-चार वेळा पाण्यात उतरायचे. किनाऱ्यापासून दूर असलेली प्रवाळे आणि बुडालेली जहाजे गाठण्यासाठी ही पद्धत रूढ झाली. तारकर्लीसारख्या ठिकाणी पाण्याखाली पहिला श्वास घेतलेल्या अनेकांना पुढे हीच ओढ लागते.

३/ आता 'कर्नाटिक'कडे वळू. सुएझ कालवा खुला होण्यास तेव्हा दोन महिने बाकी होते (१७ नोव्हेंबर १८६९). इंग्लंडचा प्रवासी अलेक्झांड्रियाला उतरे, रेल्वेने सुएझ गाठे आणि तेथून मुंबईची आगबोट धरी. 'कर्नाटिक'वर प्रवाशांखेरीज टपाल, कापसाचे गठ्ठे, तांब्याचे पत्रे आणि हिंदुस्थानसाठी ४०,००० पौंडांचे नाणे होते.

४/ १३ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर ती शदवान बेटाच्या उत्तरेकडील अबू नुहास या प्रवाळावर चढली. कप्तान फिलिप जोन्स अनुभवी होते. पंप चालू होते, आणि कंपनीचीच 'सुमात्रा' ही आगबोट लवकरच त्या बाजूने जाणार होती. प्रवाशांना होड्यांत घालून बेटावर नेण्यापेक्षा बोटीवरच थांबणे सुरक्षित, असा निर्णय त्यांनी घेतला. वरकरणी त्यात काहीच चूक दिसत नव्हती.

५/ पुढच्या रात्री पाणी बॉयलरपर्यंत आले आणि पंप बंद पडले. १४ तारखेच्या सकाळी कप्तानांनी अखेर होड्यांत उतरण्याचा हुकूम दिला. पहिले काही प्रवासी बसतात न बसतात तोच बोट मधोमध तुटली. ३१ माणसे गेली. वाचलेल्यांनी शदवान बेट गाठले आणि 'सुमात्रा'ने त्यांची सुटका केली. मदत आली, पण उशिरा. पाणबुड्यांनी लवकरच बरेचसे नाणे वर काढले. माणसे मात्र परत आली नाहीत.

६/ तांबड्या समुद्राला पुढे नवे प्रवासी लाभले. ऑस्ट्रियाचे हान्स हास १९५० साली पोर्ट सुदानजवळ चित्रीकरण करत होते. पुढे त्यांची पत्नी झालेल्या लोटे या मोहिमेत होत्या. १९५१ मध्ये फ्रान्सचे जाक-इव कुस्तो जुन्या सुरुंगशोधक नौकेतून घडवलेली 'कॅलिप्सो' घेऊन याच समुद्रात आले. हास यांची 'झारिफा' १९५७-५८ च्या मोहिमेत मालदीव आणि आपल्या निकोबारपर्यंत गेली. बोटीवर राहून समुद्राचा अभ्यास करणाऱ्या या मोहिमांतच आजच्या लिव्हअबोर्डची बीजे आहेत.

७/ कुस्तोंच्या चमूने याच भागात शोधलेले एक जहाज म्हणजे 'थिसलगॉर्म'. ग्लासगोहून आफ्रिकेला वळसा घालून ते ब्रिटिश सैन्याची रसद घेऊन आले. सुएझचा मार्ग अडल्याने नांगर टाकून थांबले असताना ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. नऊ जणांचा मृत्यू झाला. मोटारसायकली, ट्रक आणि रायफली आजही तळघरांत आहेत. रेल्वेची दोन इंजिने स्फोटाने उडून समुद्रतळावर पडली.

८/ इतिहासप्रेमींना आणखी दोन ठिकाणे खुणावतात. एक, मायक्रोनेशियातील चूक, म्हणजे जुने ट्रुक. १७-१८ फेब्रुवारी १९४४ च्या अमेरिकी हल्ल्यात तेथे चाळीसहून अधिक जपानी जहाजे बुडाली. दुसरे, बिकिनी. १९४६ च्या अणुचाचण्यांत बुडालेल्या युद्धनौका तेथे आहेत. मोह दोन्हींचा होतो. परंतु बिकिनीची जहाजे बहुतांशी ५० मीटरच्या आसपास आहेत. ते काम विशेष प्रशिक्षणाचे. चूकला उथळ जहाजेही आहेत, पण प्रवास फार लांबचा आणि कित्येक नामांकित जहाजे खोल पाण्यात.

९/ म्हणून निवडीचा पहिला निकष खोली. ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर, ॲडव्हान्स्डची ३०. 'थिसलगॉर्म'चा तळ सुमारे ३० मीटरवर आहे आणि प्रवाहही जोरदार असू शकतो. 'कर्नाटिक' साधारण २७ मीटरपर्यंत जाते. म्हणजे ॲडव्हान्स्ड करूनच निघावे. तेवढी तयारी असेल तर माझे उत्तर उत्तर तांबडा समुद्र. अबू नुहास, 'थिसलगॉर्म' आणि रास मोहम्मदचे प्रवाळ एकाच आठवड्याच्या फेरीत होतात. परतीच्या विमानापूर्वी किमान १८ तास पाण्यात उतरू नये, हेही नियोजनात धरावे.

१०/ दुसरा निकष ठिकाणापेक्षा मोठा आहे, तो म्हणजे बोट. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' या डायव्हिंग बोटीला पहाटे आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण दगावले. रात्री फिरती गस्त नव्हती, हे चौकशीत स्पष्ट झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रातच मर्सा आलमजवळ 'सी स्टोरी' बुडाली. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा : रात्री जागे कोण असते? झोपण्याच्या जागेतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? सुरक्षेची तालीम पहिल्याच दिवशी होते का? उत्तर टाळले गेले, तर ती बोट सोडा. सवलत कितीही असो.

११/ तिसरी गोष्ट आपल्या वर्तनाची. 'थिसलगॉर्म'वरून स्मृतिचिन्हे म्हणून कित्येक वस्तू पळवल्या गेल्या. थेट जहाजालाच दोर बांधल्याने त्याची मोडतोड झाली. गडावरची वीरगळ आपण घरी आणत नाही. तोच नियम पाण्याखाली. तेथे माणसे मेली आहेत.

१२/ कप्तान जोन्स निष्काळजी नव्हते. वेळापत्रकावर त्यांनी अंमळ जास्त विश्वास ठेवला, इतकेच. मुक्कामाच्या बोटीवर पाऊल ठेवणाऱ्याने हे विसरू नये. कोणी तरी येईल या भरवशावर राहू नका. बाहेरची वाट पहिल्याच संध्याकाळी स्वतः चालून पाहा. मग निर्धास्त मनाने खाली उतरा. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईला निघालेली ती आगबोट अजून तेथेच आहे.

आपण पहिल्या सफरीसाठी कोणते ठिकाण निवडाल? कारणासह अवश्य लिहा.