अकरा नंबरचा बावटा

कुडाळच्या माणसाला घरातून समुद्र दिसत नाही, पण त्याचं घर समुद्रावरच चालतं. मासळी मालवण-वेंगुर्ल्याहून येते, पाऊस त्याच बाजूने येतो, आणि माझ्या आजोबांच्या उमेदीत मुंबईही त्याच बाजूने गाठावी लागे. कोकण रेल्वे पुरी झाली 1998 साली. त्याच्या कितीतरी आधी, एस.टी.ची सवय व्हायच्याही आधी, गिरणीत नाव लागलेला माणूस वळकटी घेऊन बंदरावर जाई आणि बोटीची वाट बघत बसे. म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींत भुतांच्या खालोखाल मान वाऱ्याचा.

आजोबांची गोष्ट वेंगुर्ल्याची. बोट किनाऱ्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राही. माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या असं सगळं पडावात भरायचं आणि पडाव बोटीच्या कुशीला न्यायचा. वरून शिडी सोडलेली. पडाव लाटेवर चढला की शिडीची पायरी गुडघ्याशी येई, उतरला की डोक्याच्या वर जाई. तांडेल ओरडून सांगे, "पडाव वर इलो की पाय टाका, खाली गेल्यार इचार करूक रवलात तर मेलात!" हे सांगताना आजोबा खाटेवरून खरोखरच एक पाय पुढे टाकत.

त्यांना नवल वाटे ते दुसऱ्याच गोष्टीचं. कधी कधी वारा साफ पडलेला असे, माडाचं झावळंही हलत नसे, आणि तरी पडाव दोन-तीन हात वरखाली होई. वारा नाही तर लाट कुठून आली? तांडेलाचं उत्तर होतं, "ही लाट हयसरची न्हय."

एवढ्या एका वाक्यात समुद्राच्या अंदाजाचं अर्धं शास्त्र आहे. आपल्यासमोरचा वारा पाणी उठवतो ती लाट आखूड, उभी आणि गडबडीची. शेकडो-हजारो किलोमीटरांवरच्या वादळाने उठवलेलं पाणी मात्र प्रवासात सावरत, लांब होत येतं. दोन माथ्यांमध्ये बारा, चौदा, कधी अठरा सेकंद जातात. हवामानवाले तिला स्वेल म्हणतात. चौदा सेकंदांच्या लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी सुमारे 40 किलोमीटरने सरकतो, म्हणजे दिवसाला साडेनऊशे किलोमीटरांच्या आसपास. अरबी समुद्रातलं चक्रीवादळ बहुतेक वेळा याच्या निम्म्या वेगानेही चालत नाही. वादळ लक्षद्वीपच्या पाण्यात घोटाळत असतं तेव्हाच त्याची लाट निवतीच्या खडकावर येऊन फुटलेली असते. दक्षिण महासागरात आफ्रिकेच्याही खाली उठलेल्या वादळांच्या लाटा तर काही दिवसांचा प्रवास करून केरळच्या किनाऱ्यावर स्वच्छ उन्हात येऊन घरात पाणी घालतात. तिथले कोळी त्याला कल्लक्कडल म्हणतात आणि आता सरकारी इशाऱ्यांतही तोच शब्द आहे.

माझं आजोळ वालावलचं. कर्लीची खाडी जवळ, पण उघडा समुद्र तिथूनही दिसत नाही. मे महिन्याच्या शेवटाला खळ्यात कोकमाची सोलां वाळत घातलेली असत. रात्री सगळी निजानीज झाली की आजी ओटीवर येऊन नुसती उभी राही. दर्याची गाज ऐकायची असे. मालवणच्या अंगाची गाज असली तर ती परत जाऊन निजे. एखाद्या रात्री मात्र हाक येई, "उठा गो, सोलां आत घेवा, गाज दखनेक सरकली!" झोपमोड झाल्याबद्दल आम्ही पोरं तिला मनातल्या मनात शिव्या घालत टोपल्या उचलायचो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरी यायच्या. नेहमीच यायच्या असं मी म्हणणार नाही. पण तिची सोलां काळी पडलेली मला आठवत नाहीत.

गाजेत जादू काही नव्हती. मोसमी वारा केरळात टेकायच्या आधीपासून दक्षिण अरबी समुद्र ढवळायला लागतो, त्याच्या लांब लाटा पावसाच्या पुढे धावत येतात आणि किनाऱ्यावर जड आवाजात फुटतात. वारा नैऋत्येकडून वाहू लागला की तो आवाज आत वाहून येतो. त्यातून रात्री जमिनीलगतची हवा थंड असली की आवाज वर न जाता खाली वाकून लांब पोचतो. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कुठल्या बाजूची गाज, किती जड, किती लागून, एवढं ती मोजत होती. याच घरात भिंतीवर पंचांगही होतं आणि यंदा मृगाचं वाहन बेडूक की गाढव यावर तावातावाने चर्चा होई. त्या गाढवाला मी एकही मार्क देणार नाही. म्हाताऱ्यांचं सगळंच शहाणपण म्हणून डोक्यावर घ्यायची हल्ली एक फॅशन आली आहे. त्यांनी कानाने आणि डोळ्याने तपासलेलं घ्यावं, बाकीचं त्यांच्याबरोबर जाऊ द्यावं.

शिवाय गाजेला मर्यादा होती. काहीतरी येतंय हे ती सांगे. ते कुठे जाणार आणि कधी पोचणार हे तिला सांगता येत नसे. त्यासाठी बंदरावरचा बावटा. आजीचा एक चुलतभाऊ बंदरावर कामाला होता, त्यामुळे बावट्याचे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ. म्हणायला बावटा, पण दिवसा डोलकाठीवर चढत ते शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. भारतीय हवामान विभाग 1875 साली स्थापन झाला, आणि तारेने येणाऱ्या इशाऱ्यांवर बंदरांत अशा खुणा चढवायची पद्धत एकोणिसाव्या शतकातच रुळली. एक नंबर म्हणजे दूर कुठेतरी वादळ शिजण्याची शक्यता. तीन म्हणजे बंदरावर सोसाट्याचा वारा येऊ घातलाय. आठ, नऊ, दहा म्हणजे मोठा धोका. लहान नौकांच्या बंदरांसाठी 3, 4, 7, 10 आणि 11 एवढेच आकडे ठेवले.

आता दहा जर सगळ्यात मोठा धोका, तर अकरा कशासाठी? लहानपणी आम्हाला वाटे, अकरा म्हणजे प्रलय. मामाआजोबा हसून सांगत, "अकरा म्हणजे तार तुटली." हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला हवा बिघडेल असं वाटतंय, एवढाच त्या खुणेचा अर्थ. ही यादी ज्याने केली त्याला समुद्र नीट कळलेला असणार. बातमी न पोचणं हे त्याने दहाच्याही पुढे मांडलं.

17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली. त्या अमावास्येची आठवण काढल्याशिवाय आमच्याकडे पावसाळ्यात कुणी होडीचं नाव काढत नसे. पण माझ्या पिढीच्या मनात बसलेलं वादळ 'फयान'. 9 नोव्हेंबर 2009 ला समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि 11 तारखेला वादळ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलंसुद्धा. वाऱ्याचा वेग ताशी 85 किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे वादळांच्या कोष्टकात ते वरच्या पायरीवर नव्हतंच. तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी खलाशी परतले नाहीत. मासेमारीचा ऐन हंगाम, होड्या आधीच बाहेर गेलेल्या, आणि किनाऱ्यावरचा बावटा पन्नास किलोमीटर आतल्या माणसाला दिसत नाही. त्यांच्यापुरता तो अकरा नंबरच होता.

त्याच वर्षी 23 सप्टेंबरला भारताने ओशनसॅट-2 हा उपग्रह सोडला होता. तो समुद्रावर रडारच्या लहरी टाकून परत येणारा प्रतिध्वनी मोजायचा. वारा जितका जास्त तितकी पाण्यावरची बारीक लहर खरबरीत, आणि त्या खरबरीतपणावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढायची. आमच्याकडचा तांडेल होडीच्या टोकावर उभा राहून, पाण्याला काटा कुठे आलाय हे बघून शीड फिरवायचा, तेच हे काम. हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था 1999 पासून आहे. वाऱ्याचा अंदाज, उपग्रहाची मापं आणि समुद्रात तरंगणारे लाटमापक बोये यांची सांगड घालून ती लाटांची उंची, दिशा आणि कालावधी काही दिवस आधी सांगते.

मे 2021 चं 'तौक्ते' फयानपेक्षा कितीतरी दांडगं. 16 मे ला ते आमच्या किनाऱ्यासमोरून गेलं, माड-आंबे आडवे झाले, कुडाळात दिवसचे दिवस वीज नव्हती, देवगड बंदरात नांगरलेल्या नौकाही सुटल्या नाहीत. पण इशारा काही दिवस आधी आला होता, ओरोसच्या जिल्हा नियंत्रण कक्षातून गावोगाव गेला होता आणि बहुतेक होड्या आधीच किनाऱ्याला लागल्या होत्या. त्याच वादळाने मुंबई हायजवळ पी-305 हा बार्ज बुडवला. तिथे इशारा पोचला नव्हता असं कुणालाच म्हणता येणार नाही. इशारा हातात असूनही माणसं समुद्रात राहिली, आणि या प्रकाराला बावट्याच्या यादीत नंबरच नाही.

मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरांवर तुटते. त्यापलीकडे उपग्रहावरून संदेश घेणारी यंत्रं आता आली आहेत. ती प्रत्येक होडीवर असायला हवीत, आणि हे काम पुतळे-कमानींच्या आधी व्हायला हवं असं माझं मत आहे.

तारकर्ली-मालवणला येणाऱ्यांना मात्र एक सांगायचंय. अंदाजात 'लाटांची उंची 3 मीटर' असं लिहिलेलं असतं, ती सगळ्यात उंच लाट नव्हे. ती वरच्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, आणि त्यातली एखादी जवळजवळ दुप्पट निघू शकते. त्याच ओळीत पुढे सेकंदांचा आकडा असतो, तो बारा-चौदाच्या वर दिसला तर आभाळ निळं आहे म्हणून भुलू नका. आणि किल्ल्यावर नेणारा होडीवाला, वारा नसतानाही, "आज होडी सोडूचय नाय" म्हणाला, तर त्याच्याशी पैशांवरून हुज्जत घालू नका.