नांगरापासून पंपापर्यंत : किर्लोस्कर पिता-पुत्र

पाण्याचे मोल बऱ्हाणपुराला निराळे सांगावयास नको. इ. स. १६१५ च्या सुमारास उभारलेला कुंडी भंडारा सातपुड्याचे भूजल केवळ उताराच्या बळावर नगरात आणीत आला. तापीकाठच्या केळीबागांना मात्र उतार पुरत नाही. विहिरीचे पाणी वर चढवावे लागते. त्या पंपाशी मराठी मनात जोडले गेलेले नाव किर्लोस्करांचे. बुधवाऱ्यातील वाचकांस ते आणखी एका कारणाने परिचित आहे, ते म्हणजे मासिकाच्या मुखपृष्ठामुळे. यंत्र आणि वाचन या दोहोंचे नाते या घराण्याच्या इतिहासात आरंभापासून आढळते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण दृष्टीत रंगांधळेपणा आढळला आणि कुंचला सोडून त्यांना यांत्रिक रेखाटनाकडे वळावे लागले. पुढे ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. यंत्रविद्येची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. अमेरिकन नियतकालिके, यंत्रांची सूचिपत्रे आणि स्वतःचे हात हेच त्यांचे गुरू. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे १८८८ साली सुरू झालेल्या सायकलींच्या दुकानात थोरले बंधू रामूअण्णा होतेच. याच बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाले.

नांगर तयार झाला, पण घेणारा मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. हा काळ केवळ तोट्याचा नव्हता. यंत्र बनविणे हे अर्धेच काम असून ते वापरणाऱ्याचा विश्वास मिळविणे हे उरलेले अर्धे, हा धडा त्यात मिळाला.

त्यानंतर नगरपालिकेच्या विस्तारामुळे बेळगावची जागा सोडण्याचा प्रसंग आला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकानजीक ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज देऊ केले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याची माहिती देणारे ‘किर्लोस्कर खबर’ १९२० मध्ये निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली त्याचे ‘किर्लोस्कर’ हे मासिक झाले. वाचनातून शिकलेल्या माणसाच्या कारखान्याने वाचकांचे ऋण अशा रीतीने फेडले.

ज्येष्ठ पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयातून १९२६ मध्ये अभियंते होऊन परतले. जे पित्याने धडपडून मिळविले, ते पुत्राने रीतसर अभ्यासिले. अशा वेळी पित्याचा अनुभव आणि पुत्राची विद्या यांत दुरावा येणे अस्वाभाविक नसते. लक्ष्मणरावांनी मात्र कारभार हाती दिला आणि वाडीबाहेर पाऊल टाकावयास मोकळीक ठेवली. नांगराच्या जोडीला पंप व यंत्रसामग्री आली. हरिहर येथे १९४१ मध्ये यंत्र-अवजारांचा कारखाना निघाला व त्याची धुरा राजाराम यांनी वाहिली. १९४६ मध्ये पुण्यात तेल-इंजिनांचा व बंगलोरला विजेच्या मोटारींचा उद्योग उभा राहिला. दुसऱ्याची जबाबदारी रवींद्र यांनी उचलली.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. त्या राखेतून काम पुन्हा सुरू झाले. लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले, तेव्हा एका माळावरचा उद्योग अनेक शहरांत पसरला होता.

पुढे हरिहरचा कारखाना बंद पडला आणि नंतरच्या पिढ्यांतील वाद न्यायालयापर्यंत गेले. नाव व मालमत्ता वारशाने मिळते; ती राखण्याची वृत्ती प्रत्येक पिढीला नव्याने मिळवावी लागते. लक्ष्मणरावांनी पुत्रांना दिलेली खरी पुंजी त्या वृत्तीचीच होती : न समजलेले समजून घेण्याची आणि समजलेले पुढच्या हाती सोपविण्याची. ग्रंथालयही शतकभर याहून निराळे काय करीत असते?